होम एक्स्चेंजनंतरचा रिव्ह्यू : खरं लिहायचं, पण नेमकं कसं?

उंबरठा

सप्टेंबर लागला की घरांची अदलाबदल करून सुट्टी काढलेल्यांचे रिव्ह्यू यायला लागतात. युरोपात राहणारी मराठी कुटुंबंही आता यात बरीच दिसतात. आइंडहोव्हनचा फ्लॅट लिस्बनच्या फ्लॅटशी, म्युनिकचं घर पॅरिसच्या घराशी. पण रिव्ह्यू वाचावेत तर सगळे एकाच साच्यातले : "घर फोटोत दिसतं तसंच, यजमान प्रेमळ, पुन्हा नक्की येऊ." पुढच्या कुटुंबाला यातून काय कळणार? जिना किती उभा आहे, चौघांच्या अंघोळीला गरम पाणी पुरतं का, आजी-आजोबांना तो पलंग चालेल का, यातलं एकही उत्तर तिथे नसतं.

असं होण्याचं कारण साधं आहे. हॉटेलात पैसे मोजलेले असतात, त्यामुळे भीड नसते. इथे एकाने दुसऱ्याला स्वतःचं घर दिलेलं असतं. आपण त्यांच्या अंथरुणात झोपलो, ते आपल्या. शिवाय तेही आपल्याबद्दल लिहिणारच. मग भिडेपोटी गोड लिहिलं जातं. पैसे देऊन राहायच्या ठिकाणीसुद्धा ही भीड सुटत नाही. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरच्या घरांचे तारे तपासले, तेव्हा जवळपास ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार ते पाच ताऱ्यांच्या मधे निघाली. इतकी सगळी घरं उत्तम असतील तर ताऱ्यांवरून निवड कशी करायची?

माझा आग्रह एकच आहे : विशेषण गाळा, माप लिहा. "बाथरूम फारच लहान" ही तक्रार झाली. "शॉवरची जागा ७० बाय ७० सेंटीमीटर" ही माहिती झाली. मापाचा राग कोणाला येत नाही, आणि ज्याला ते चालतं तो बिनधास्त येतो. बारीक चणीच्या दोघांना ७० सेंटीमीटर पुरतात, लहान मुलाला धरून अंघोळ घालायची असेल तर नाही पुरत. हा निर्णय वाचणाऱ्याचा, लिहिणाऱ्याने तो आपल्याकडे घेऊ नये.

दुसरी गोष्ट वेळेची. घरात पाऊल ठेवल्यावर पहिल्या तासात, सामान उघडायच्या आधी, मोबाइलवर एक सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, फ्रिजचं आतलं, ओव्हन, गादीचे कोपरे, आधीपासूनचे ओरखडे. पाच मिनिटांचं काम आहे. काही खटकलं तर त्याच दिवशी यजमानांना कळवा. निरोपात चार गोष्टी हव्यात : काय झालं, कधीपासून, आपण काय करून पाहिलं, आता काय हवं. "डिशवॉशर पाणी टाकत नाही, काल रात्रीपासून, खालची जाळी धुतली, तरी तसंच. कोणाला बोलवायचं?" असं कळवलं की ते दुरुस्त होऊ शकतं. घरी परतल्यावर रिव्ह्यूत पहिल्यांदा लिहिलं, तर समोरच्याला पाठीमागून बोलल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं रास्त आहे.

---

दिवेलागण

माप लिहा हे पटलं. पण मोजायचं काय काय? घर सोडताना बॅगा भरायच्या, चादरी धुवायच्या, त्यात टेप घेऊन फिरणं होत नाही.

---

सातबारा

टेप फार ठिकाणी लागतही नाही. ज्या गोष्टींवरून पुढे गैरसमज होतात त्याच बघायच्या.

पहिला नंबर गरम पाण्याचा. फ्रान्समध्ये पुष्कळ घरांत विजेची साठवण टाकी असते. तिच्यावर लिटरचा आकडा छापलेला असतो, तो वाचायचा. १०० लिटरची टाकी ६० अंशांवर असेल आणि नळाचं पाणी १५ अंशांचं, तर त्यातून अंघोळीजोगं म्हणजे ३९-४० अंशांचं साधारण १८० ते १९० लिटर पाणी मिळतं. शॉवरमधून मिनिटाला ९ लिटर जातं असं धरलं तर वीस मिनिटं. चौघांना प्रत्येकी पाच. आता गंमत इथे आहे की, यातल्या बऱ्याच टाक्या फक्त रात्रीच्या स्वस्त दराच्या वेळेत तापतात. संध्याकाळी टाकी रिकामी केली की पहाटेपर्यंत गार पाणी. पाहुणे लिहितात "गीझर बिघडलेला होता", आणि यजमान दुखावतात, कारण बिघाड नसतोच. रिव्ह्यूत लिहायचं असं : "१०० लिटरची टाकी, रात्री तापते. चौघांनी सकाळी पाच-पाच मिनिटांत अंघोळ उरकली तर पुरते." हे वाक्य दहा ताऱ्यांच्या तोडीचं आहे.

दुसरा नंबर विजेचा, विशेषतः इटलीत. तिथल्या घरगुती जोडणीची नेहमीची मर्यादा ३ किलोवॅट. ओव्हन आणि केटल एकदम लावले की मेन पडतो. आणि पुष्कळदा मीटर तळमजल्यावर किंवा इमारतीच्या आवारात असतो, म्हणजे रात्री दहाला खाली उतरून खटका वर करायचा. हा घराचा दोष म्हणून लिहू नका. "३ किलोवॅटची जोडणी. ओव्हन चालू असताना वॉशिंग मशिन लावू नये. मीटर तळमजल्यावर" एवढं पुरे.

तिसरा पलंग. फ्रान्समधला जुना "डबल" म्हणजे १४० बाय १९० सेंटीमीटर. आपल्याकडच्या क्वीनपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर अरुंद. सहा फुटी माणूस १८३ सेंटीमीटर भरतो, त्याचे पाय फळीला टेकतात. लिस्टिंगमध्ये, म्हणजे संकेतस्थळावर यजमानाने दिलेल्या घराच्या माहितीत, नुसतं "डबल बेड" लिहिलेलं असेल तर माप देणं हा खरा उपकार. सोफा-कम-बेड असेल तर तो उघडल्यावर दार उघडतं का, तेही बघा. पुष्कळ ठिकाणी नाही उघडत, आणि रात्री बाथरूमला जायचं म्हटलं की त्या झोपलेल्याला ओलांडून जावं लागतं.

---

गच्चीवरचा

सातबारा यांच्या यादीत जिना घालतो. अॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने इतके अरुंद आणि उभे असतात की सामान वर चढवायला घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि आकडा ठेवलेला असतो. तिथे "जिना थोडा उभा आहे" म्हणून भागत नाही. एका पायरीची उंची आणि पाऊल ठेवायची रुंदी, दोनच मापं. २० सेंटीमीटरच्या वर उंची आणि १८ च्या आत रुंदी असेल तर अख्खं पाऊल बसत नाही, उतरताना तिरकं ठेवावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि दोन वर्षांच्या मुलाच्या आईला एवढ्यावरून कळतं.

आणि मजला लिहू नका, पायऱ्या मोजा. युरोपात आणि आपल्याकडे तळमजला सोडून पहिला मजला मोजतात, अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. ह्यूस्टनहून येणारं कुटुंब "चौथा मजला" वाचून एक मजला कमी धरतं. "रस्त्यापासून दारापर्यंत ८४ पायऱ्या, लिफ्ट नाही." यात घोळ व्हायला जागा नाही.

उन्हाळ्यातली उष्णताही तशीच. उत्तर युरोपातल्या घरांत एसी नसतोच बहुधा, आणि छपराखालची खोली दिवसभर तापते. "खोलीत खूप गरम झालं" हे लिहून त्या महिन्याचं हवामान कळतं, खोली नाही कळत. बाहेर २९ अंश असताना रात्री दहा वाजता खोलीत किती होतं ते लिहा. साधा थर्मामीटर बहुतेक घरांत सापडतो.

---

पाटावरवंटा

सगळे पाहुण्याच्या बाजूने बोलताय. यजमान म्हणून पाहुण्यांचा रिव्ह्यू लिहायचा, तो जास्त अवघड. तिथे माणसाबद्दल लिहावं लागतं, भिंतीबद्दल नाही.

तिथेही तोच नियम लावते : सवयीबद्दल लिहू नका, घर कसं मिळालं ते लिहा. "हे लोक अस्वच्छ आहेत" असं लिहायचा आपल्याला हक्क नाही. "चादरी न धुता ठेवल्या होत्या, फ्रिजमध्ये उघडं दूध होतं, कचरा बाहेर नेला नव्हता" हे तीन तपशील पुरेत. अदलाबदलीत ठरलेलं एवढंच असतं की घर जसं मिळालं तसं परत द्यायचं.

आपल्या लोकांबद्दल ज्या दोन तक्रारी परदेशी यजमान हमखास लिहितात त्या आधीच टाळता येतात, म्हणून सांगते.

एक, बाथरूमची जमीन. युरोपातल्या बऱ्याच बाथरूममध्ये शॉवरच्या बाहेर पाणी जायला जाळी नसते. बादली-तांब्याने बाहेर अंघोळ केली की पाणी फरशीच्या कडेने खाली झिरपतं, आणि चार दिवसांनी खालच्या मजल्यावरचा शेजारी छताचा डाग दाखवायला येतो. लाकडी जमीन असेल तर फळ्या फुगतात. पडदा टबच्या आत सोडायचा, आणि बाहेर आल्याबरोबर जमीन पुसायची.

दोन, हळद. पांढऱ्या दगडी ओट्यावर, प्लास्टिकच्या डब्यात, सिलिकॉनच्या उलथन्याला हळदीचा रंग बसतो. साबणाने जात नाही. डबे-उलथनी उन्हात ठेवली तर दोन-तीन दिवसांत फिकी होतात, कारण हळदीतला रंग उजेडात टिकत नाही. ओटा काही उन्हात नेता येत नाही, म्हणून फोडणीच्या आधीच खाली जुनं कापड किंवा ताट ठेवावं. हिंग मात्र त्यांच्या कपाटात ठेवूच नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत घालून वेगळ्या पिशवीत. तो वास लाकडात महिनोन् महिने राहतो.

यजमानाने हे रिव्ह्यूत लिहायचं तर "स्वयंपाकाचा वास" असं मोघम लिहू नये, त्याने अख्ख्या समाजावर शिक्का बसतो. "ओट्यावर तळहाताएवढा पिवळा डाग, कळवला नव्हता" असं लिहावं. डागापेक्षा न कळवणं मोठं आहे.

---

दिवेलागण

पाटावरवंटा, पुण्यातलं घर परदेशी पाहुण्याला दिलं तर त्याच्या रिव्ह्यूत काय यायला हवं?

---

पाटावरवंटा

पाण्याची वेळ, टाकीचं पाणी आणि पिण्याचं पाणी वेगळं कुठून घ्यायचं ते. गीझरचे लिटर. १५ लिटरचा गीझर ६० अंशांवर असेल तर विसण घालून ३५ लिटर, म्हणजे दोन बादल्या निघतात. मग २ किलोवॅटच्या गीझरला पुन्हा तापायला वीसेक मिनिटं. शॉवर सोडून पंधरा मिनिटं उभं राहायची सवय असलेल्याला हे आधी कळलं तर तो "गरम पाणी नाही" लिहिणार नाही. याशिवाय वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालतं आणि काय नाही, सोसायटीच्या गेटवर नोंद कशी होते, सकाळी किती वाजता कोणता आवाज सुरू होतो. आणि डास. जाळ्या कुठल्या खिडक्यांना आहेत तेवढं लिहिलं तरी पाहुणा कृतज्ञ राहील.

---

अडसर

तारे देण्याचा घोळ कोणी सोडवत नाहीये, म्हणून लिहितो.

तारे द्यायचे ते लिस्टिंगच्या तुलनेत. आपल्या घराच्या तुलनेत नाही, हॉटेलच्या तर नाहीच. लिस्टिंगमध्ये "लिफ्ट नाही" असं लिहिलं असेल आणि नसेल, तर तारा कापायचा नाही. आपण वाचून गेलो होतो. "गाडी लावायला जागा" लिहिलं असेल आणि ती जागा रस्त्यावरची पैसे भरून मिळणारी निघाली, तर कापायचा. लिस्टिंग गप्प असेल तर? मग साधारण कुटुंब काय धरून चालेल ते बघायचं. भाजी चिरायला धार असलेली सुरी धरून चालतो आपण, पास्ता मशिन नाही.

स्वच्छतेत तीन गोष्टींची गल्लत होते. मळ, झीज आणि क्षार. लंडनमध्ये पाणी जड आहे, नळांवर आणि शॉवरच्या काचेवर चुन्याचे पांढरे डाग आठवड्याभरात येतात. तो मळ नव्हे. जुन्या सोफ्याचं कापड विरलेलं असेल तर ती झीज. शॉवरच्या जाळीत आधीच्या माणसाचे केस अडकलेले असतील, ओव्हनच्या पत्र्यावर तेल साकळलेलं असेल, तर तो मळ. स्वच्छतेचा तारा फक्त मळासाठी कापावा.

लोकांच्या राहत्या घरात आपण जातो. कपाटं अर्धी भरलेली असणार, फ्रिजवर मुलांची चित्रं असणार. पाहुण्यांना किती कप्पे रिकामे मिळाले एवढा आकडा लिहावा. कपाट भरलेलं असणं हा दोष धरला तर मग अदलाबदल करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

गच्चीवरचा

+१, क्षाराच्या मुद्द्याला विशेष. यजमानाला तो डाग व्हिनेगरने अर्ध्या तासात काढता येतो, पण रिव्ह्यूतला "अस्वच्छ" हा शब्द निघत नाही.

---

कडीकोयंडा

एक गोष्ट कोणी बोललं नाही आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. प्रामाणिकपणाच्या भरात लोक नको ते जाहीर लिहितात. "किल्ली दारामागच्या कुंडीखाली होती, अगदी सोपं." "शेजारच्या आजी घरावर लक्ष ठेवतात, पण ऑगस्टमध्ये त्याही गावी जातात." "अलार्म बिघडलेला आहे, त्रास होत नाही." ज्या घराचे फोटो आणि परिसराचा नकाशा शेजारीच दिसतोय, त्याखाली हे लिहिलेलं! चोराला आणखी काय हवं?

जाहीर रिव्ह्यूत येऊ नये ते असं : किल्लीची जागा, अलार्म, कुलपाचा प्रकार, घर रिकामं असतं ते महिने, घर नंबर, मुलांची नावं आणि शाळा, शेजाऱ्यांबद्दल काहीही, महागड्या वस्तू. फोटो टाकत असाल तर भिंतीवरचे कौटुंबिक फोटो आणि खिडकीतून दिसणारी रस्त्याची पाटी कापा. अलार्म बंद आहे हे कळवायचंच, पण खासगी निरोपात.

खासगी निरोपाचा उपयोग आणखी एका कामासाठी. ज्या गोष्टी दहा मिनिटांत सुधारता येतात त्या तिथे सांगायच्या. बोथट सुरी, उडालेला दिवा, राउटरचा चुकीचा पासवर्ड. जाहीर रिव्ह्यू वर्षानुवर्षं राहतो, दिवा उद्या बदलला जातो. पुढच्या पाहुण्याला सहा महिन्यांनी जे भेटणारच आहे, तेवढंच जाहीर लिहावं.

---

दिवेलागण

आणि खरंच वाईट काही निघालं तर? ढेकूण, बुरशी, कॅमेरा?

---

उंबरठा

मग भीड अजिबात नको, पण घाईही नको.

ढेकणांचं सांगते. नुसत्या चाव्यांवरून लिहू नका. डासाचा, पिसवेचा चावा तसाच दिसतो, आणि ढेकणाच्या चाव्याच्या गांधी काहींना काही दिवसांनी उठतात, म्हणजे त्या आधीच्या मुक्कामाच्याही असू शकतात. गादीच्या शिवणीत काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे बारीक डाग, कात टाकलेली सालपटं किंवा प्रत्यक्ष किडा, यातलं काही दिसलं तर नाणं शेजारी ठेवून फोटो काढा. त्याच क्षणी यजमानांना फोन, मग संकेतस्थळाच्या मदतकक्षाला लेखी. बॅगा पलंगावरून उचलून बाथरूमच्या फरशीवर. कपडे ६० अंशांवर धुऊन गरम ड्रायरमध्ये. रिव्ह्यूत फक्त क्रम : "तिसऱ्या दिवशी मोठ्या खोलीच्या गादीत ढेकूण दिसले. फोटो पाठवले. यजमानांनी दुसऱ्या दिवशी फवारणीवाल्यांना बोलावलं आणि आमची दुसरीकडे सोय केली." यातलं शेवटचं वाक्य यजमानाला वाचवतं, आणि ते खरं असेल तर लिहायलाच हवं. तो काहीच बोलला नसेल तर तेही तितकंच थोडक्यात.

बुरशीत कारण समजून घ्या. थंड बाहेरच्या भिंतीवर आतला दमट वारा लागून पाणी धरतं, त्यावर ती वाढते. खोलीत कपडे वाळत घातले आणि खिडक्या उघडल्या नाहीत तर पाहुण्यांच्या मुक्कामातही येऊ शकते. जर्मनीत रोज खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची पद्धत याचसाठी आहे. पहिल्या दिवसाच्या व्हिडिओत बुरशी दिसत असेल तर ती घराची, नाहीतर बोलायच्या आधी विचार करावा. दम्याचा माणूस येणार असेल तर त्याला "कपाटामागच्या भिंतीवर दोन हात रुंद काळी बुरशी" हे कळणं गरजेचं आहे.

घरात लपवलेला कॅमेरा, बाथरूममधल्या गॅस-गीझरच्या धुराला बाहेर वाट नसणं, उघडी वायर : हे आधी संकेतस्थळाला, घर सोडून. सुरक्षिततेच्या बाबतीत खासगी निरोप देऊन गप्प बसणं चूक आहे.

---

अडसर

सूड म्हणून उलटा वाईट रिव्ह्यू येईल ही भीती खोटी नाही. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर विक्रेते तसंच करायचे, म्हणून २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांची ग्राहकाबद्दल नकारात्मक शेरा द्यायची सोयच काढून टाकली. एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळा उपाय केला : दोघांनी लिहिल्याशिवाय, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्याशिवाय, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. अदलाबदलीच्या संकेतस्थळांवर नियम वेगवेगळे आहेत. लिहायच्या आधी मदतपानावर तीन गोष्टी पाहा : मुदत किती दिवसांची, रिव्ह्यू लगेच दिसतो की दोन्ही एकदम, आणि नंतर बदलता येतो का. लगेच दिसत असेल तर दोघांनी एकच दिवस ठरवून टाकावा. परत आल्यावर दोन-तीन दिवसांत मसुदा लिहून ठेवा, एक रात्र जाऊ द्या, मग टाका.

आपलं घर दुसऱ्या कोणाला देऊन साठवलेले पॉइंट देऊन राहिलात, म्हणजे त्या यजमानांनी तुमचं घर पाहिलेलंच नाही, तर भीड थोडी कमी असते. एकाच वेळी थेट अदलाबदल केलेली असते तिथे जास्त. तिथे आणखी एक वाईट प्रकार होतो : डिपॉझिट आणि रिव्ह्यूचा सौदा. "काचेचे पैसे मागू नका, आम्ही पाच तारे देतो." कधीही करू नका. नुकसानीचा दावा फोटोंसकट संकेतस्थळामार्फत, रिव्ह्यू स्वतंत्र. दावा अडकलेला असताना मुदत संपत आली तर काय फुटलं आणि ते कोणी कळवलं एवढंच लिहा, दोष कोणाचा ते ठरवत बसू नका.

---

सातबारा

कायद्याचा धागाही जोडतो. भारतात बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं ४९९. लोकहितासाठी केलेलं खरं विधान हा त्यात अपवाद आहे. तेव्हा फोटो, निरोप, तारखा जपून ठेवा, आणि माणसाच्या हेतूबद्दल लिहू नका. "मुद्दाम फसवलं" हे सिद्ध करता येत नाही. "लिस्टिंगमध्ये तीन खोल्या, प्रत्यक्षात दोन आणि एक पोटमाळा" हे करता येतं. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं आहे. ते संकेतस्थळांसाठी आहे, आणि ऐच्छिक, पण त्यातला गाभा उपयोगी : लिहिणारा खरोखर तिथे राहिलेला असावा, आणि मजकूर कोणाच्या सोयीने कापलेला नसावा.

---

ओसरी

भाषेबद्दल. यजमान फ्रेंच, आपण लिहितो इंग्रजीत, वाचणारा स्पॅनिश, आणि मधे यंत्र भाषांतर करतं. म्हणून वाक्यं छोटी, एका वाक्यात एकच गोष्ट. "माहेरपण अनुभवलं" हे आपल्याला जिवाला भिडतं, यंत्राच्या हाती गेलं की त्याचा अर्थच उरत नाही. त्याऐवजी काय केलं ते लिहा : "पहिल्या रात्रीसाठी सूप करून ठेवलं होतं, मुलांसाठी दोन सायकली उंची लावून ठेवल्या होत्या." कौतुकालाही माप हवंच. चांगलं ते मोघम आणि वाईट ते बारकाव्याने, असं झालं की रिव्ह्यू खरा असूनही अन्यायाचा होतो.

मापं मीटर, लिटर, सेल्सिअसमध्ये. अंतर "जवळच" म्हणू नका, "ट्रामचा थांबा ६ मिनिटांवर, मधे एक चढ" असं म्हणा. आणि इंग्रजीत लिहिताना एक जपा : आपण "ओके होतं" म्हणतो तेव्हा आपल्या मनात "चांगलं होतं" असतं, वाचणाऱ्याला ते "जेमतेम" असं ऐकू येतं.

---

कडीकोयंडा

आणि आपल्याच घराबद्दल असा मापाचा रिव्ह्यू आला तर उत्तर तीन वाक्यांत : बरोबर आहे, हे बदललं, या तारखेला. आणि त्याच दिवशी लिस्टिंगमध्ये ते घाला. "शॉवर ७० बाय ७०" हे आपणच लिहून टाकलं की पुढच्या रिव्ह्यूत तो मुद्दा उरत नाही. बदलता येण्यासारखं नसेल, उदाहरणार्थ समोरच्या चर्चची घंटा, तर किती वाजता वाजते ते लिहा. घंटेची आवड असणारेही असतात.

---

दिवेलागण

सगळ्यांचं वाचून एक नमुना केलाय, कोणत्याही एका घराचा नाही. सुचवा.

"दोन खोल्यांचा फ्लॅट, रस्त्यापासून ६२ पायऱ्या, लिफ्ट नाही, लिस्टिंगमध्ये तसं लिहिलेलं आहे. मोठा पलंग १४० बाय १९०, मुलांच्या खोलीत ९० चे दोन. गरम पाण्याची टाकी १५० लिटर, रात्री तापते, चौघांना पुरते. स्वयंपाकघरात इंडक्शन आहे, ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. घर स्वच्छ मिळालं, फ्रिज रिकामा आणि पुसलेला, कपाटात आमच्यासाठी चार कप्पे. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशिनचं दार अडकलं, यजमानांनी तासाभरात फोनवरून उघडायला शिकवलं. खालच्या कॅफेची खुर्च्या उचलायची वेळ रात्री साडेअकरा. लहान मुलांना आणि चालायला चांगल्या असलेल्यांना योग्य."

---

उंबरठा

उत्तम. शेवटचं वाक्य काढा, ६२ पायऱ्या वाचून ते ज्याचं त्याला कळेल. आणि कॅफेचा आवाज कुठल्या खोलीत येतो ते घाला, मोठ्या की मुलांच्या. त्यावर कोण कुठे झोपणार ते ठरतं.

---

गच्चीवरचा

खिडकी बंद असताना येतो की उघडी असताना, तेही. एसी नसलेल्या घरात जुलैत खिडकी बंद करता येत नाही.